तग धरणारी छोटी कथामासिके

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथांची नोंद आवर्जून होते. नियतकालिकांची मात्र क्वचितच होते. वस्तुतः अनेक नामवंत ग्रंथ प्रथम एखाद्या मासिकाच्या पानांवरच वाचकांसमोर आलेले असतात. विज्ञानकथा, रहस्यकथा, गूढकथा आणि अद्भुतकथा या वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही आज जगभर वाचली जाणारी कादंबरी १९६३ ते १९६५ या काळात 'ॲनालॉग' या अमेरिकन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे हस्तलिखित वीसहून अधिक ग्रंथप्रकाशकांनी परत पाठविले होते. अखेर १९६५ मध्ये ती ग्रंथरूपाने काढली ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'चिल्टन' या प्रकाशनसंस्थेने. मासिकाचे दार उघडे नसते, तर ही कृती वाचकांपर्यंत पोहोचलीच असती असे खात्रीने म्हणता येत नाही.

असे दार उघडे ठेवणारी मासिके बहुधा छोटी असतात. त्यांचा वाचकवर्ग मर्यादित, भांडवल अल्प आणि संपादकवर्ग हाताच्या बोटांवर मोजता येईल इतका असतो. दूरचित्रवाणी, संगणक आणि भ्रमणध्वनी यांनी वाचकांच्या फुरसतीचा वेळ व्यापल्यानंतर ही मासिके कशी टिकली, कोणती बंद पडली आणि का, हा प्रश्न केवळ साहित्यिकांच्या कुतूहलाचा नाही. ग्रंथालये, शाळा आणि वाचनसंस्कृती यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्या सर्वांनी तो समजून घेण्याजोगा आहे.

स्वस्त कागदावरील आरंभ

केवळ विज्ञानकथेला वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक 'अमेझिंग स्टोरीज' हे ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथून सुरू केले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९२३ मध्ये, गूढ व भयकथांसाठी 'वियर्ड टेल्स' निघाले होते. जानेवारी १९३० मध्ये 'अस्टाउंडिंग' सुरू झाले. तेच पुढे १९६० पासून 'ॲनालॉग' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४१ मध्ये रहस्यकथांचे 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगेझिन', १९४९ मध्ये 'द मॅगेझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन' आणि १९७७ मध्ये आयझॅक असिमॉव्ह यांच्या नावाचे मासिक यांची भर पडली. आरंभीची मासिके लाकडाच्या लगद्यापासून बनविलेल्या खरबरीत, हलक्या प्रतीच्या कागदावर छापली जात. किंमत अल्प ठेवावयाची आणि खप मोठा साधावयाचा, हे त्यामागील गणित होते.

या मासिकांचा खप एके काळी लक्षणीय होता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी 'ॲनालॉग'चा खप एक लाखाच्या वर होता. २०१० नंतरच्या काळात तो तीस हजारांच्या खाली आला. २०१७ पासून 'ॲनालॉग' व 'असिमॉव्ह्ज' ही दोन्ही मासिके दरमहा न निघता दोन महिन्यांतून एकदा निघू लागली. २०२५ च्या आरंभी वर उल्लेखिलेल्यांपैकी चार आणि 'आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्टरी मॅगेझिन' अशी पाच जुनी नियतकालिके एकाच नव्या मालकाकडे गेली. वाचक कमी झाला हे या घसरणीचे एक कारण खरेच. परंतु ते एकमेव नाही. दुसरे कारण मासिक आणि वाचक यांच्या मधल्या दुव्यात शोधावे लागते.

१९५७ चा धडा

छापील मासिकाची प्रत वाचकाच्या हाती दोन मार्गांनी पडते : वर्गणीदाराला टपालाने किंवा इतरांना विक्रेत्याच्या दुकानातून. दुसऱ्या मार्गात वितरक, उपवितरक आणि दुकानदार अशा तिघांचा वाटा द्यावा लागतो. शिवाय अमेरिकेत न विकलेल्या अंकांची केवळ मुखपृष्ठे फाडून परत पाठविण्याची आणि त्यांचे पैसे वळते करून घेण्याची पद्धत रूढ होती. म्हणजे छापलेल्या प्रतींपैकी न खपलेल्या प्रतींचा सर्व भार प्रकाशकावरच पडत असे.

१९५७ मध्ये 'अमेरिकन न्यूज कंपनी' या देशातील सर्वांत मोठ्या वितरकसंस्थेने नियतकालिकांचे घाऊक वितरण बंद केले. वाचक होते, लेखक होते, छपाईही चालू होती. परंतु अंक दुकानापर्यंत नेणारी यंत्रणाच नाहीशी झाली. इतर वितरकांनी छोट्या मासिकांकडे पाठ फिरविली किंवा न पेलणाऱ्या अटी घातल्या. पुढील दोन-तीन वर्षांत अनेक विज्ञानकथा-मासिके बंद पडली. जी टिकली, त्यांच्यापाशी वर्गणीदारांची स्वतःची यादी होती किंवा मोठ्या प्रकाशनसंस्थेचा आधार होता. एकाच मध्यस्थावर सर्वस्वी विसंबून राहणारे नियतकालिक त्या मध्यस्थाबरोबर बुडते, हा धडा त्या वर्षाने दिला. साठ-पासष्ट वर्षांनी, पूर्णतः भिन्न परिस्थितीत, तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

आंतरजालामुळे काय बदलले?

आंतरजालाने छोट्या मासिकाच्या खर्चातील तीन मोठ्या बाबी जवळजवळ नाहीशा केल्या : कागद, छपाई आणि टपाल. परिणामी ज्यांच्यापाशी छापखान्याला देण्याइतके पैसे नव्हते, अशांनाही मासिक काढणे शक्य झाले. सप्टेंबर २००० मध्ये 'स्ट्रेंज होरायझन्स' हे साप्ताहिक सुरू झाले. ते पहिल्यापासून ना-नफा तत्त्वावर चालते. संपादक व अन्य सहकारी विनावेतन काम करतात, वाचकांच्या देणग्या गोळा केल्या जातात आणि त्यांतून लेखकांना मात्र मानधन दिले जाते. ऑक्टोबर २००६ मध्ये नील क्लार्क यांनी 'क्लार्क्सवर्ल्ड' हे मासिक काढले. २००५ मध्ये 'एस्केप पॉड' या उपक्रमाने कथा वाचून ध्वनिमुद्रित स्वरूपात श्रोत्यांना पुरविण्यास आरंभ केला. २०१४ मध्ये 'अनकॅनी' हे नियतकालिक वाचकांकडून आगाऊ रक्कम गोळा करून उभे राहिले.

तथापि खर्च कमी झाला म्हणून मासिक आपोआप टिकते असे नाही. २००० मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या आश्रयाने 'साय फिक्शन' हे उत्तम दर्जाचे आंतरजालीय कथापत्र सुरू झाले होते. त्यातील कथांना मोठे पुरस्कारही मिळाले. परंतु आश्रयदात्या वाहिनीने हात काढून घेताच २००५ अखेर ते बंद झाले. मासिकाला वाचकांची स्तुती लाभली होती; वाचकांचा पैसा मात्र त्यात नव्हता.

हिशेबाची बाजू

आंतरजालावरील मासिकाचा मुख्य खर्च कोणता, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. अमेरिकेतील विज्ञान व अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने २०१९ पासून व्यावसायिक मानधनाचा किमान दर शब्दाला आठ सेंट असा ठरविला आहे. या दराने पाच हजार शब्दांच्या कथेचे मानधन चारशे डॉलर होते. महिन्याला अशा पाच कथा घ्यावयाच्या तर दोन हजार आणि वर्षाला चोवीस हजार डॉलर केवळ लेखकांना द्यावे लागतील. समजा, वर्गणी महिना दोन डॉलर ठेवली, तर एवढ्याच खर्चासाठी एक हजार नियमित वर्गणीदार हवेत. संपादकाचे श्रम, चित्रकाराचे मानधन, तांत्रिक व्यवस्था आणि कर यांचा विचार यात केलेलाच नाही. छपाईचा खर्च टळला तरी हे हजार वर्गणीदार मिळविण्याचे काम टळत नाही.

अडचण अशी की, आंतरजालावरील मजकूर विनामूल्य मिळावा अशी वाचकांची सवय झाली आहे. यावर या मासिकांनी काढलेला तोडगा विचार करण्यासारखा आहे. बहुतेकांनी कथा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी सर्वांच्या वतीने वर्गणी भरावी असे आवाहन केले. वर्गणीदाराला सुबक मांडणीचा अंक थोडा आधी मिळतो एवढाच काय तो फरक. याशिवाय वर्षातून एकदा निधिसंकलन, कथांचे ध्वनिमुद्रण, वार्षिक निवडक कथांचा छापील ग्रंथ आणि अल्पशा जाहिराती अशा निरनिराळ्या वाटांनी थोडे थोडे उत्पन्न मिळविले जाते. गावच्या उत्सवाची वर्गणी जशी ऐपतीनुसार गोळा होते आणि प्रसाद मात्र सर्वांना मिळतो, तसाच हा व्यवहार आहे. त्याचे बळ अर्थात गावकऱ्यांच्या आपुलकीवर अवलंबून असते.

पुन्हा एकच मध्यस्थ

२०१० नंतर या मासिकांना उत्पन्नाचा एक मोठा मार्ग सापडला. 'ॲमेझॉन' या कंपनीच्या 'किंडल' वाचनयंत्रावर मासिकांची वर्गणी भरण्याची सोय होती. वाचकाने एकदा वर्गणी भरली की अंक आपोआप त्याच्या यंत्रावर उतरत असे. छोट्या मासिकांच्या अनेक वर्गणीदारांनी हीच वाट धरली. परंतु हे वर्गणीदार कोण, त्यांचा पत्ता काय, याची माहिती मासिकाकडे नसे. ती कंपनीकडे असे.

डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती पूर्णतः थांबली. वर्षानुवर्षे जोडलेले वर्गणीदार दुसऱ्या मार्गाकडे वळविण्यासाठी मासिकांना अवघे काही महिने मिळाले. ज्यांचे नावगाव ठाऊक नाही, त्यांना पत्र तरी कोणत्या पत्त्यावर पाठवावयाचे? याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, 'फँटसी मॅगेझिन' हे नियतकालिक थांबले. १९५७ मध्ये जे वितरकसंस्थेमुळे घडले, तेच २०२३ मध्ये वाचनयंत्राच्या दुकानामुळे घडले. साधने बदलली; धडा तोच राहिला. या प्रसंगानंतर बहुतेक मासिकांनी वाचकांना थेट आपल्याकडेच वर्गणी भरण्याचा आग्रह सुरू केला आहे.

यंत्रलिखित मजकुराचा पूर

उत्पन्नाचा प्रश्न गंभीर असतानाच दुसरे संकट आले. छोट्या कथामासिकाचा खरा मान त्याच्या उघड्या दारात असतो. ओळख नसलेला, कोणाची शिफारस नसलेला लेखकही आपली कथा तेथे पाठवू शकतो आणि ती वाचली जाते. 'क्लार्क्सवर्ल्ड'कडे महिन्याला एक हजाराहून अधिक कथा येतात. त्यांतून छापल्या जातात त्या जेमतेम आठ-दहा. उरलेल्या वाचण्याचे काम संपादक आणि त्याचे सहकारी करतात. हे काम वाचकाला दिसत नाही. पण नवा लेखक सापडतो तो यातूनच.

२०२२ च्या अखेरीस मजकूर लिहून देणाऱ्या संगणकप्रणाली सर्वांना उपलब्ध झाल्या. झटपट पैसा मिळविण्याचे मार्ग सुचविणाऱ्यांनी कथा यंत्राकडून लिहून घेऊन मासिकांकडे पाठविण्याचा सल्ला देण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड'कडे अशा पाचशेहून अधिक यंत्रलिखित कथा आल्या. खऱ्या लेखकांच्या कथा त्या ढिगात दडून जाऊ लागल्या, तेव्हा संपादकांनी २० फेब्रुवारी रोजी कथा स्वीकारणेच थांबविले. काही आठवड्यांनी, नको असलेला मजकूर बाजूला काढण्याची व्यवस्था करून, दार पुन्हा उघडण्यात आले.

या संकटावर दोन सोपे उपाय सुचविले जातात. कथेबरोबर शुल्क घ्यावे, हा एक. आणि केवळ परिचित लेखकांकडूनच कथा मागवाव्यात, हा दुसरा. दोन्ही उपायांनी पूर ओसरेल हे खरे. परंतु शुल्क परवडत नाही तो लेखक आणि ज्याला कोणी ओळखत नाही तो लेखक, असे दोघेही त्याबरोबर वाहून जातील. परदेशातून, लहान गावातून किंवा दुसऱ्या भाषेच्या वळणाने लिहिणाऱ्यांची अडचण यात सर्वाधिक होईल. म्हणूनच या मासिकांनी हे सोपे मार्ग टाळून, अधिक श्रमाचा, प्रत्येक कथा पारखून घेण्याचा मार्ग पत्करला आहे. छोट्या मासिकाच्या अस्तित्वाचा प्रश्न हा अखेर या उघड्या दाराचा प्रश्न आहे.

चेंगडूचे उदाहरण

मासिक, शाळा आणि समाज यांचे नाते कसे जुळते, याचे एक उद्‌बोधक उदाहरण चीनमध्ये आढळते. सिच्वान प्रांतातील चेंगडू येथून १९७९ मध्ये विज्ञानकथांना स्थान देणारे एक मासिक सुरू झाले. १९८३ च्या सुमारास तेथील राजकीय मोहिमेत विज्ञानकथेवर टीकेची झोड उठली आणि या प्रकारची बहुतेक नियतकालिके बंद पडली. चेंगडूचे मासिक मात्र शासकीय आर्थिक आधार सुटल्यानंतरही स्वतःच्या पायावर उभे राहिले. १९९१ पासून ते 'विज्ञानकथा-विश्व' या अर्थाच्या नावाने निघू लागले.

१९९९ मध्ये चीनमधील राष्ट्रीय महाविद्यालय-प्रवेश परीक्षेत 'स्मृतीचे रोपण करता आले तर' असा निबंधाचा विषय आला. योगायोग असा की, त्याच सुमारास निघालेल्या या मासिकाच्या अंकात याच विषयावर मजकूर होता. आजवर अशा वाचनाला वेळेचा अपव्यय समजणारे पालक आणि शिक्षक त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागले. मासिकाचा खप झपाट्याने वाढून तीन लाखांच्या वर गेला. याच मासिकातून २००६ मध्ये ल्यू त्सशिन या वीजनिर्मिती केंद्रातील अभियंत्याची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेली कादंबरी क्रमशः आली. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये 'ह्यूगो' पुरस्कार मिळाला. आशियाई लेखकाच्या कादंबरीला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. विद्यार्थ्यांच्या हाती पडलेले एक मासिक आणि नोकरी सांभाळून लिहिणारा एक अभियंता यांच्या भेटीतून हे घडले.

मराठीतील परंपरा

महाराष्ट्राला हे चित्र सर्वस्वी अपरिचित नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. त्यातून पुढे फोफावलेली दिवाळी अंकांची परंपरा हा छोट्या नियतकालिकांनी शोधलेला टिकून राहण्याचा एक खास मराठी मार्गच म्हणावा लागेल. वर्षभर दरमहा खर्च सोसण्याऐवजी, वाचकाच्या हाती चार पैसे असतात आणि जाहिरातदारही अनुकूल असतो, अशा सणाच्या वेळी एकच भरगच्च अंक काढावयाचा, हे त्याचे सूत्र. अनंत अंतरकर यांचा 'नवल' आणि रहस्य, गूढ व विज्ञानकथांसाठी ओळखला जाणारा 'धनंजय' या अंकांनी दिवाळीच्या निमित्ताने या वाङ्मयप्रकारांचा वाचकवर्ग जोपासला.

नव्या लेखकासाठी उघडे दार काय साधते, याचेही उदाहरण मराठीत आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा-स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन धारण केले होते. कीर्तीचा प्रभाव पडू न देता कथा केवळ कथा म्हणून वाचली जावी, हा त्यामागील हेतू. पुढे १९७९ मध्ये त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला आणि मराठी विज्ञानकथेला मोठा वाचकवर्ग लाभला. अपरिचित नावाने आलेली कथाही काळजीपूर्वक वाचणारे परीक्षक तेथे होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची.

ग्रंथालये आणि शाळा यांचे कार्य

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यानुसार अ, ब, क आणि ड वर्गांतील शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे खेड्यापाड्यांपर्यंत पसरले आहे. यांपैकी अनेक ग्रंथालये ठरावीक शुल्क घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवितात. एक अंक पुढील काही महिन्यांत अनेक घरांतून फिरतो. एकट्याला सर्व अंक घेणे परवडत नाही. पन्नास सभासदांनी मिळून ते सहज परवडतात. परदेशी मासिकांनी आंतरजालावर जो सामुदायिक वर्गणीचा मार्ग अलीकडे शोधला, त्याच्याशी या जुन्या योजनेचे साम्य सहज लक्षात येईल.

या दृष्टीने ग्रामीण ग्रंथालयांना आणि शाळांना काही गोष्टी विशेष खर्चाशिवाय करता येण्याजोग्या आहेत. ग्रंथालयाने शक्य तेथे वर्गणी थेट नियतकालिकाच्या कार्यालयात भरावी. त्यायोगे मध्यस्थाचा वाटा वाचतो आणि नियतकालिकाला आपला वाचक कोण हे कळते. दिवाळी अंक मागविताना ठरावीक मोठ्या अंकांबरोबर विज्ञान, रहस्य किंवा बालवाङ्मयाला वाहिलेल्या एक-दोन छोट्या अंकांचाही समावेश करावा. शिक्षकांनी चेंगडूचे उदाहरण ध्यानी ठेवून 'असे झाले तर' या स्वरूपाचे निबंधविषय द्यावेत आणि त्याला पूरक अशी एखादी विज्ञानकथा वर्गात वाचून दाखवावी. इंग्रजीतील खुली मासिके संगणकावर विनामूल्य वाचता येत असल्याने, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना त्यांतील एखाद्या कथेचा गोषवारा मराठीत लिहावयास सांगता येईल.

ज्यांना स्वतः नियतकालिक काढावयाचे आहे, त्यांच्यासाठीही परिस्थिती काहीशी सुकर झाली आहे. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून अंमलात आला. आता नोंदणीची कार्यवाही आंतरजालावरून करता येते आणि पूर्वीच्या कायद्यातील बहुतेक फौजदारी तरतुदी काढून टाकण्यात आल्या आहेत. अर्थात नोंदणी झाली म्हणजे मासिक चालले असे नव्हे. वर्गणीदारांची वही, लेखकांशी प्रामाणिक व्यवहार आणि अंक ठरल्या वेळी काढण्याची शिस्त या तीन गोष्टींना पर्याय नाही.

छोट्या कथामासिकांच्या शंभर वर्षांच्या वाटचालीवरून एवढे दिसते की, नव्या साधनांनी त्यांना मारले नाही आणि तारलेही नाही. ज्यांनी आपला वाचक दुसऱ्याच्या हवाली केला, ती त्या दुसऱ्याबरोबर संकटात सापडली. ज्यांनी वाचकाशी थेट नाते जोडले, ती कागदावर असोत वा पडद्यावर, अडचणी सोसूनही चालत राहिली. अशा मासिकाला लाखो वाचकांची गरज नसते. हजारभर निष्ठावंत वर्गणीदार पुरतात. त्या हजारांत एखाद्या खेड्यातील ग्रंथालयाचे नाव असेल, तर उद्याच्या एखाद्या अपरिचित लेखकाची पहिली कथा छापली जाण्यात त्या गावाचाही वाटा राहील.